एकदा पाठवावे, अनेकांनी घ्यावे

१४ जून २०१८ रोजी भिलाई येथे एकाच दिवशी तीन कार्ये घडली. विस्तार व आधुनिकीकरण पूर्ण झालेला पोलाद कारखाना राष्ट्राला अर्पण करण्यात आला; भिलाईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या कायम वास्तूची कोनशिला बसविण्यात आली; आणि ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूंनी जोडणाऱ्या भारतनेट योजनेच्या दुसऱ्या टप्प्याचा आरंभ करण्यात आला. ह्यांपैकी पहिले कार्य जुने आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएट संघाशी झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला व १९५९ च्या फेब्रुवारीत त्याची पहिली झोतभट्टी पेटली. दुसरे कार्य तरुण आहे. ही संस्था २०१६ मध्ये रायपूर येथे सुरू झाली व २०२४ च्या फेब्रुवारीत तिच्या नव्या वास्तूचे लोकार्पण झाले. तिसरे कार्य मात्र डोळ्यांना दिसत नाही. ते जमिनीखाली आहे, आणि त्यातील काचेचा तंतू केसाएवढाच जाड असतो.

कारखान्यातून किती पोलाद निघाले हे टनांत मोजता येते, विद्यालयातून किती पदवीधर बाहेर पडले हे नोंदवहीत पाहता येते. तंतूतून काय वाहते व कोणत्या रीतीने वाहते ह्याचा विचार मात्र तज्ज्ञांवर सोपवून समाज मोकळा होतो. ही सवय हितावह नाही. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या मार्गावरून एकच वस्तू हजार वेळा नेली जात असेल, तर मार्ग कितीही रुंद केला तरी अपुराच पडावयाचा. जी माहिती एकाच वेळी अनेकांना हवी असते ती एकदाच पाठवून अनेकांना घेता यावी, अशी रीत संगणकशास्त्राने पूर्वीच सिद्ध करून ठेविली आहे. ती शाळा व ग्रंथालये ह्यांच्या सेवेसाठी जाणीवपूर्वक वापरली जावी, हे येथे सांगावयाचे आहे.

तीन रीती

एका संगणकावरील माहिती इतर संगणकांकडे नेण्याच्या तीन मुख्य रीती आहेत. पहिल्या रीतीत प्रत्येक घेणाऱ्यासाठी स्वतंत्र प्रत निघते. जणू एकाच मजकुराची चाळीस पत्रे चाळीस पत्त्यांवर टपालात टाकावीत. हिला एकलप्रेषण म्हणता येईल. दुसरी रीत दवंडीची. गावात दवंडी पिटली म्हणजे ज्याला त्या बातमीशी कर्तव्य नाही त्याच्याही कानी ती पडते. हे सर्वप्रेषण होय. तिसरी रीत ह्या दोहोंच्या मधली आहे. पाठविणारा एकच प्रत पाठवितो; मार्गाला जेथे फाटे फुटतात तेथेच तिची नवी प्रत तयार होते; आणि ज्या फाट्याच्या पुढे कोणी मागणी केलेली नाही तिकडे ती जातच नाही. संगणक-व्यवसायात हिला मल्टिकास्टिंग म्हणतात. मराठीत समूहप्रेषण हा शब्द तिला शोभेल.

भिलाईच्या परिसरातील रहिवाशाला हिचा दाखला दूर शोधावयास नको. बालोदजवळील तांदुळा जलाशयाचे पाणी कालव्यांच्या वाटे शेतांना मिळत आले आहे व भिलाईच्या कारखान्याच्या उपयोगीही पडले आहे. जलाशयापासून आपल्या बांधापर्यंत कोणी शेतकरी स्वतंत्र कालवा खणीत नाही. मुख्य कालवा एक असतो, त्याला शाखा फुटतात, शाखेतून चाऱ्या निघतात, आणि ज्या चारीवर मागणी असते तिचेच दार उघडले जाते. समूहप्रेषणाची रचना अगदी अशीच आहे. परंतु एक भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. पाणी वाटले की कमी होते; म्हणूनच चारीच्या शेवटच्या टोकावरील शेतकऱ्याची तक्रार कधी संपत नाही. संदेश कितीही जणांना वाटला तरी पहिल्याच्या वाट्याला जेवढा आला तेवढाच शेवटच्यालाही पूर्णपणे येतो. ज्या वस्तूचे वाटप केल्याने ती घटत नाही, तिच्यासाठी प्रत्येक घरापर्यंत निराळा कालवा खणीत बसणे हा निव्वळ अपव्यय होय.

अपव्यय केवढा, हे साध्या गणिताने कळेल. एका शाळेत चाळीस संगणक आहेत व सर्वांवर एकच पाठ एकाच वेळी दाखवावयाचा आहे असे समजावे. त्या पाठाच्या चित्राला व ध्वनीला सेकंदाला २ मेगाबिट लागत असतील, तर एकलप्रेषणाने शाळेच्या जोडणीवरून सेकंदाला ८० मेगाबिट यावे लागतील. समूहप्रेषणाने २ पुरतील. अशा शंभर शाळा असतील तर मूळ संगणकाला पहिल्या रीतीने ४,००० प्रती, म्हणजे सेकंदाला ८,००० मेगाबिट, पाठवाव्या लागतील. दुसऱ्या रीतीने तेथेही २ मेगाबिटच. ज्या गावाची जोडणी १० मेगाबिटांची आहे तेथे पहिल्या रीतीने वर्ग चालणारच नाही, आणि दुसऱ्या रीतीने जोडणीचा चार-पंचमांश भाग इतर कामांसाठी मोकळा राहील. चालणारा वर्ग आणि न चालणारा वर्ग ह्यांमधील अंतर अशा प्रकारे केवळ रीतीच्या निवडीने पडू शकते.

गटाचा पत्ता

ही रीत इंटरनेटवर आणण्याचे श्रेय मुख्यतः स्टीफन डीअरिंग ह्यांच्याकडे जाते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड चेरिटन ह्यांच्यासमवेत काम करीत असता त्यांनी १९८० नंतरच्या दशकात तिचा आराखडा मांडला, आणि १९८९ च्या ऑगस्टमध्ये तिचे प्रमाणभूत नियम प्रसिद्ध झाले. त्यांची मूळ कल्पना विलक्षण सोपी होती. सामान्यतः संगणकाचा पत्ता एका यंत्राचा असतो. डीअरिंग ह्यांनी पत्ता गटाला दिला. इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीत पत्त्याचे चार आकडे असतात. त्यांतील पहिला आकडा २२४ ते २३९ ह्यांच्या दरम्यान असला म्हणजे तो पत्ता एखाद्या यंत्राचा नव्हे, तर गटाचा आहे असे समजावयाचे. असे २६ कोटींहून अधिक गट कल्पिता येतात.

ज्या संगणकाला गटात सामील व्हावयाचे असते तो आपल्या जवळच्या राऊटरला, म्हणजे मार्ग ठरविणाऱ्या यंत्राला, तसे कळवितो. राऊटर ठराविक काळाने विचारणा करतो की, अमुक गटाचे कोणी येथे आहे काय? एकाने जरी होकार दिला तरी त्या बाजूला प्रवाह चालू राहतो. कोणीच उत्तर दिले नाही तर बंद होतो. राऊटर हीच मागणी पुढच्या राऊटरला कळवितात व अशा रीतीने मूळ संगणकापासून सर्व इच्छुकांपर्यंत फांद्यांचा एक वृक्ष तयार होतो. पाठविणाऱ्यापाशी घेणाऱ्यांची यादी नसते. तो फक्त गटाच्या पत्त्यावर पाठवितो. घ्यावयाचे किंवा नाही हे घेणारा ठरवितो. दवंडी आणि समूहप्रेषण ह्यांतील खरा फरक हाच आहे. तिसऱ्या रीतीत श्रोत्याची इच्छा ही यंत्रणेचाच एक भाग बनते.

ही कल्पना केवळ कागदावर राहिलेली नाही. इंटरनेटच्या सहाव्या आवृत्तीचे नियम १९९८ मध्ये निश्चित झाले तेव्हा त्यांतून सर्वप्रेषण मुळातच वगळण्यात आले व शेजारच्या यंत्राचा शोध घेण्यासारखी नित्याची कामे समूहप्रेषणावर सोपविण्यात आली. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात क्षणाक्षणाला बदलणाऱ्या भावांची माहिती ह्याच रीतीने सदस्यांकडे जाते. कारण तेथे अनेकांना तीच माहिती त्याच क्षणी हवी असते. व्यापाराने ह्या रीतीचे मोल केव्हाच ओळखले. शिक्षणाने ते ओळखावयाचे राहून गेले आहे.

दुर्ग जिल्ह्यातील पूर्वानुभव

एकदा पाठवून अनेकांपर्यंत पोहोचण्याचा मोठा शैक्षणिक प्रयोग ह्या भूमीला नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या वर्षात उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा जो प्रयोग भारतात झाला, त्यात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी निवडली होती. तत्कालीन मध्य प्रदेशातील खेडी रायपूर, बिलासपूर व दुर्ग ह्या जिल्ह्यांतील होती; भिलाई ही दुर्ग जिल्ह्यातच येते. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षासाठी उपलब्ध झाला होता. खेड्यात तारेच्या जाळीची छत्रीसारखी आकाशिका उभारून दूरचित्रवाणी संच थेट उपग्रहाचे संकेत घेत असे. सकाळी शाळेतील मुलांसाठी आणि सायंकाळी मोठ्यांसाठी कार्यक्रम होत. एका प्रक्षेपणाने हजारो खेडी जोडता येतात, हे त्या वर्षाने निर्विवादपणे दाखवून दिले.

त्याबरोबरच त्या प्रयोगाची मर्यादाही ध्यानी येते. उपग्रहाचे प्रक्षेपण सर्वांसाठी सारखेच होते. एकाच चित्रासोबत दोन भाषांतील ध्वनी पाठविण्याची सोय होती, पण सहा राज्यांच्या भाषा व गरजा दोन ध्वनींत मावण्याजोग्या नव्हत्या. खेड्याने काय पाहावयाचे हे खेड्याबाहेर ठरत असे. शिवाय उपग्रह परत गेल्यावर तो मार्गही संपला. जमिनीखालील तंतू परत जात नाही, आणि समूहप्रेषणात गट कितीही करता येतात. छत्तीसगडीतील पाठासाठी एक गट, हिंदीतील पाठासाठी दुसरा, नागपूर-भंडाऱ्याकडील मराठी शाळांसाठी तिसरा, अशी योजना त्याच जाळ्यावर सुखाने नांदू शकते. १९५६ पर्यंत दुर्ग व नागपूर एकाच प्रांतात होते. पुढे राज्ये निराळी झाली, भाषांचे व्यवहार निराळे झाले. तंत्रज्ञानाने सर्वांना एकाच साच्यात बसविण्याचे आता कारण उरलेले नाही.

आक्षेप आणि त्यांतील तथ्य

अशी गुणवान रीत असता ती सर्वत्र रूढ का झाली नाही, असा प्रश्न विचारी वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

१९९२ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथे भरलेल्या इंटरनेट तज्ज्ञांच्या सभेचा ध्वनी समूहप्रेषणाने सुमारे २० दूरच्या ठिकाणी ऐकविण्यात आला. त्यातून पुढे जगभर एक प्रायोगिक जाळे वाढले. मधले बहुतेक राऊटर ही रीत जाणत नसल्याने गटाचे संदेश साध्या संदेशांच्या वेष्टनात गुंडाळून पुढे न्यावे लागत. तेव्हा अनेकांना वाटले की लवकरच सगळे इंटरनेट ह्याच मार्गाने जाईल. तसे घडले नाही. प्रत्येक राऊटरला प्रत्येक गटाची आठवण ठेवावी लागते. गट वाढले की हे ओझेही वाढते. एका कंपनीच्या जाळ्यातून दुसरीच्या जाळ्यात गटाचा प्रवाह गेला आणि तेथे त्याच्या हजार प्रती झाल्या, तर आकारणी कोणाकडून करावयाची हे ठरविणे कठीण. कोणीही कोणत्याही गटाला संदेश पाठवू शकत असल्याने उपद्रवाला वाव राहतो. ह्या अडचणी इतक्या खऱ्या ठरल्या की, वेगवेगळ्या मालकीच्या जाळ्यांमध्ये कोणीही पाठवावे असा मुक्त प्रकार वापरू नये, असा सल्ला खुद्द इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या मंडळानेच २०२० मध्ये प्रसिद्ध केला. केवळ एका नेमलेल्या उगमाकडूनच प्रवाह घ्यावा, ही सुरक्षित रीत त्याने सुचविली.

दुसरा आक्षेप पोच मिळण्याविषयीचा. एकलप्रेषणात माहितीचा तुकडा हरवला तर घेणारा तो पुन्हा मागतो. चार हजार घेणाऱ्यांनी एकदम मागणी केली तर पाठविणारा गोंधळून जाईल. ह्यावर दोन उपाय निघाले आहेत. ज्याचा तुकडा हरवला त्याने थोडा वेळ थांबावे व दरम्यान दुसऱ्या कोणी मागणी केल्यास स्वतः गप्प राहावे, हा पहिला. मूळ माहितीबरोबरच काही अधिक तुकडे असे गणिताने तयार करून पाठवावेत की कोणतेही काही तुकडे गळाले तरी उरलेल्यांतून पूर्ण माहिती जुळविता यावी, हा दुसरा.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. बहुतेक माणसांना पाठ एकाच वेळी पाहावयाचा नसतो. कोणी सकाळी पाहतो, कोणी रात्री. कोणी मध्येच थांबवितो. अशा व्यवहारासाठी जागोजागी प्रती साठवून ठेवणे हाच मार्ग सोयीचा आहे, व इंटरनेटवरील करमणुकीच्या मोठ्या कंपन्यांनी तोच पत्करला आहे. समूहप्रेषण हे प्रत्येक रोगावरचे औषध नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे.

योग्य क्षेत्र

पण ह्या आक्षेपांकडे नीट पाहिले म्हणजे एक गोष्ट उघड होते. आकारणीचा वाद, अनोळखी पाठविणाऱ्यांचा उपद्रव, निरनिराळ्या मालकांतील अविश्वास, ह्या सर्व अडचणी अनेक मालकांच्या जाळ्यांतील आहेत. जेथे जाळे एकाच व्यवस्थेखाली असते तेथे त्या बहुतांशी नाहीशा होतात. शेअर बाजारात ही रीत यशस्वी होते ती ह्याच कारणाने. सार्वजनिक शिक्षणासाठी बांधलेली जाळी ह्याच प्रकारची आहेत. २०१० च्या मार्चमध्ये मंजूर झालेले राष्ट्रीय ज्ञानजाल विद्यापीठे व संशोधनसंस्था ह्यांना जोडण्यासाठीच उभारले गेले. भारतनेटच्या पहिल्या टप्प्यात जे तंत्र वापरले त्यात तर एका तंतूतील प्रकाश काचेच्या विभाजकाने अनेक गावांकडे वाटला जातो. खाली उतरणारा प्रकाश त्या शाखेवरील सर्व गावांपर्यंत मुळातच पोहोचत असतो. तेथे एकच पाठ प्रत्येक गावासाठी निराळा पाठविणे म्हणजे एकाच खोलीत बसलेल्या मुलांना तोच धडा एकेकाच्या कानात सांगत फिरणे होय.

साठवणीचा मार्ग आणि समूहप्रेषण ह्यांत विरोधही मानण्याचे कारण नाही. गावोगावच्या ग्रंथालयांत पाठांची साठवण करावयाची असेल, तर ती साठवण भरावयाची कशी? रात्री वाहतूक कमी असता एकाच प्रवाहाने सर्व ग्रंथालयांची कोठारे एकदम भरता येतील, आणि दिवसा प्रत्येक वाचक आपल्या सोयीने तेथून हवे ते घेईल. शाळेच्या संगणककक्षातही असेच एक काम वर्षातून एकदोनदा येते. चाळीस संगणकांवर एकच प्रणाली नव्याने बसवावयाची असते. तिचा आकार २० गिगाबाइट धरला, तर एकलप्रेषणाने ८०० गिगाबाइट वाहून न्यावे लागतात. समूहप्रेषणाने २० आणि गळलेल्या तुकड्यांपुरते थोडे अधिक. अनेक विद्यालयांतील जाणते तंत्रसहायक ही रीत वापरतातही. ती अपवाद न राहता प्रघात व्हावी.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. शाळेतील स्विच, म्हणजे तारांची जुळणी करणारे यंत्र, साधे असेल तर ते गटाचा संदेश सर्वच तारांवर सोडते, आणि समूहप्रेषणाची पुन्हा दवंडी होते. कोणत्या तारेवर कोणत्या गटाचा सदस्य आहे हे ऐकून घेणारे स्विच मिळतात. यंत्रे खरेदी करताना हा गुण मागून घेतला पाहिजे. बिनतारी जोडणीवर तर अधिकच जपावे लागते. वाय-फायवर गटाचा संदेश सहसा मंद गतीने व पोचेवाचून जातो, त्यामुळे प्रवाह अडखळतो. ज्या कक्षात सर्वांनी एकदम पाहावयाचे आहे तेथे तार घालणे हेच शहाणपणाचे.

शाळा व ग्रंथालये ह्यांचे कर्तव्य

ह्या विषयावर मत बनविण्याचा अधिकार केवळ अभियंत्यांचा आहे, असे मानू नये. कालवा कोणत्या गावावरून जावा ह्याविषयी शेतकरी बोलतो. जाळ्याविषयी शिक्षकाने व ग्रंथपालाने बोलावयास हरकत नसावी. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना राज्यव्यापी व्यवस्था मिळाली. एक पुस्तक अनेकांनी वाचावे हे ग्रंथालयाचे मूळ तत्त्व. समूहप्रेषण हे त्याच तत्त्वाचे यंत्रातील रूप होय. जोडणी घेताना केवळ किती मेगाबिट एवढेच न विचारता गटाचे प्रवाह ह्या जोडणीवर चालतील काय, हेही विचारले जावे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी शाळेच्या कक्षातच तीन संगणक व एक स्विच घेऊन प्रयोग करावा: दोघांनी गटात यावे, तिसऱ्याने बाहेर राहावे, आणि तिसऱ्याच्या तारेवर काय येते ते पाहावे. नियम पाठ करण्यापेक्षा ह्या एका तासाने अधिक समजेल.

आणि योजना आखणाऱ्यांनी एक मर्यादा विसरू नये. गटात येणे व गटातून जाणे हा अधिकार घेणाऱ्याचा आहे. ह्या रीतीची रचनाच तशी आहे. पाठ वरून एकदा निघाला म्हणून सर्व शाळांनी तो निमूटपणे घ्यावा असा अर्थ त्यातून काढला जाऊ लागला, तर तंतू नवा असूनही कारभार दवंडीचाच राहील. म्हणून गट कोणते असावेत, कोणत्या भाषेत असावेत व कोणत्या वेळी असावेत हे ठरविताना शाळांचे म्हणणे आधी ऐकले जावे.

भिलाईच्या कारखान्यात तयार झालेल्या रुळांवरून देशाच्या सर्व दिशांना गाड्या धावतात. त्या रुळावर प्रत्येक उतारूसाठी निराळी गाडी सोडावी असे कोणी सुचविले तर त्याला हसू येईल. प्रकाशतंतूच्या मार्गावर तोच प्रकार नित्य चालतो आणि तो दिसत नाही म्हणून खुपत नाही. तो दिसू लागावा एवढे ज्ञान शाळेतून मिळाले, तर ही रीत वापरली जावी असा आग्रह धरणारे नागरिकही शाळेतूनच निघतील.